जर्मनीतल्या बाड होम्बुर्गच्या कुरपार्कचा इतिहास काय? तिथे थाई मंदिर कसं आलं?

या बागेचं मूळ पाण्यात आहे. 1834 मध्ये इथे एलिझाबेथ झरा सापडला. त्याचं खारट, फसफसणारं पाणी औषधी म्हणून प्यायला लोक येऊ लागले. 1841 मध्ये ब्लांक बंधूंनी कॅसिनो काढला आणि गाव युरोपभर गाजलं. पाणी पिऊन झालं की फेरफटका मारायचा, हा उपचाराचाच भाग. त्यासाठी 1850च्या दशकात पेटर योसेफ लेने या नामांकित उद्यानरचनाकाराने बागेची आखणी केली: वळणदार वाटा, मोकळी हिरवळ, मोठाली झाडं. 1872 अखेर जुगारबंदीने कॅसिनो बंद पडला, पण झऱ्यांमुळे गाव तगलं.

थाई मंदिराची गोष्ट मला फार जवळची वाटते. सयामचे (आजच्या थायलंडचे) राजे चुलालोंगकोर्न 1907 मध्ये इथे उपचारांसाठी आले होते. त्यांच्या नावाचा झराही बागेत आहे. बरं वाटल्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी गावाला थाई पद्धतीचा मंडप, म्हणजेच हे ‘मंदिर’, भेट द्यायचं ठरवलं. त्याचे सुटे भाग जहाजाने आले आणि 1914 मध्ये तो उभा राहिला. राजे मात्र 1910 मध्येच वारले होते. जर्मन झाडीत ते सोनेरी, टोकदार छप्पर अचानक समोर येतं, तिथे जरूर थांबा.