पालकात बेकनपेक्षा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांपेक्षा, नायट्रेट जास्त, मग कर्करोगाचा दोष बेकनलाच का? आणि 'नायट्राइट न घातलेलं' बेकन घेतलं तर चालेल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण पाकिटावरच्या त्या छापील ओळीचा मला मनापासून राग आहे.

पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. सेलरी या भाजीची पावडर नाहीतर अर्क सापडेल. सेलरीत नायट्रेट भरपूर असतं आणि स्टॅफिलोकॉकस कार्नोससारख्या जिवाणूंकडून त्याचं नायट्राइट करून घेतात. मांसात पडतो तो रेणू तोच. मांसाचा गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो तो त्याच्याचमुळे. नायट्राइट खरंच नसतं तर मांस करडं पडलं असतं. सोडियम नायट्राइट निदान तोलून घालता येतं, सेलरीतलं प्रमाण पिकागणिक बदलतं. 'नैसर्गिक' शब्दासाठी जादा पैसे मोजायचे तर खुशाल मोजा, पण त्याने धोका टळत नाही.

आता पालक. 60 किलोच्या माणसासाठी नायट्राइटची रोजची स्वीकार्य मर्यादा, किलोमागे 0.07 मिलिग्रॅम धरून, 4.2 मिलिग्रॅम होते. किलोत 2,000 मिलिग्रॅम नायट्रेट असलेला पालक 100 ग्रॅम खाल्ला तर पोटात 200 मिलिग्रॅम नायट्रेट गेलं. त्यातलं साधारण पाव हिस्सा रक्तातून लाळेत उतरतं आणि लाळेतल्यापैकी पाचव्या हिश्श्याचं जिभेवरचे जिवाणू नायट्राइट करतात. म्हणजे 10 मिलिग्रॅम नायट्रेटचं सुमारे 7.4 मिलिग्रॅम नायट्राइट. मर्यादा पार! बेकनवाले इथेच टाळ्या पिटतात आणि हिशेब बंद करतात.

हिशेब तिथे संपत नाही. नायट्राइट म्हणजे नायट्रोसामाइन नव्हे, आणि कर्करोगाची खरी भीती नायट्रोसामाइनांची. ते बनायला नायट्राइटला अमाइन (प्रथिनांतून येणारी नायट्रोजनयुक्त संयुगं) भेटावं लागतं, आणि सोबत आम्ल किंवा कडक आच लागते. पालकासोबत क जीवनसत्त्व आणि पॉलिफेनॉल येतात. ते जठरातल्या नायट्राइटचं बरंचसं नायट्रिक ऑक्साइड करून टाकतात. मांस येतं ते अमाइन घेऊन, वर हीम या लाल रंगद्रव्यातलं लोह या अभिक्रियेला हातभार लावतं.

मग तवा. बेकनमधल्या प्रोलीन या अमिनो आम्लापासून नायट्रोसोप्रोलीन बनतं, आच वाढली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि उरतं नायट्रोसोपायरोलिडीन, म्हणजे एक नायट्रोसामाइन. ते मुख्यतः चरबीच्या भागात तयार होतं. तव्यात सुटलेल्या चरबीत ते पट्ट्यांपेक्षाही जास्त भरतं, थोडं वाफेबरोबर उडतं. तीच चरबी बरणीत साठवून दुसऱ्या दिवशी अंडी तळणं हा काटकसरीचा सर्वात वाईट प्रकार. आच मंद ठेवा, पट्ट्या वारंवार उलटा, काळ्या होऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये तळण्यापेक्षा कमी तयार होतं, चव मात्र जाते.

घरी खारवत असाल तर चमच्याने मोजू नका, 0.1 ग्रॅमचा काटा घ्या. क्युअर नंबर 1 या खारवायच्या तयार मिश्रणात 6.25 टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी मीठ. किलोभर मांसाला 2.5 ग्रॅम घातलं की 156 मिलिग्रॅम नायट्राइट पडतं. एक लहान चमचा भरतो साधारण 6 ग्रॅमचा, म्हणजे 375 मिलिग्रॅम. चूक होते ती इथेच. अमेरिकेत खारं पाणी टोचून केलेल्या बेकनसाठी किलोमागे 120 मिलिग्रॅम नायट्राइट आणि जोडीला 550 मिलिग्रॅम ॲस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचा क्षार) किंवा त्याचाच भाऊबंद एरिथॉर्बेट असा नियम आहे. हे दुसरं घरगुती कृतींत हमखास गळतं, खरं तर तेच नायट्रोसामाइन रोखतं. ॲस्कॉर्बिक ॲसिड वापरणार असाल तर दाट नायट्राइट-पाण्यात थेट टाकू नका, लगेच वायू सुटतो आणि नायट्राइट वाया जातं. क्युअर नंबर 2 मध्ये नायट्रेटही असतं, ते महिनोन्‌महिने वाळवायच्या सॉसेजसाठी. तळायच्या बेकनमध्ये नको.

नायट्राइट साफ वगळावं असं मात्र मी म्हणत नाही. हवाबंद किंवा थंड धुरावर ठेवलेल्या मांसात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जिवाणूला रोखणारं तेच आहे. आणि 2015 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांच्या, गटात टाकलं, तो गट पुराव्याच्या पक्केपणाचा आहे, धोक्याच्या आकाराचा नव्हे. रोज 50 ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता 18 टक्के वाढते, ती मूळ धोक्याच्या 18 टक्के.

पालकवाल्यांनीही फार खूश होऊ नये. तान्ह्या बाळासाठी वाटलेला पालक बाहेर ठेवला तर जिवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट वाटीतच करतात, आणि बाळाचं हिमोग्लोबिन त्याला लवकर बळी पडतं, मग ते ऑक्सिजन नीट वाहू शकत नाही. उकडलेलं पाणी ओतून द्या, वाटलेलं लगेच भरवा, उरलेलं लगेच फ्रिजमध्ये टाका.