म्हशींचा गोठा शाश्वत आहे की नाही, हे नायट्रोजनच्या हिशोबावरून कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की मुरबाडकडे वीस म्हशींचा गोठा टाकायचा आहे, आणि तो टिकाऊ आहे की नाही हे नायट्रोजन मोजून कळतं का. कळतं. त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. पेंडीच्या पावत्या, दुधाची वही आणि एक कॅल्क्युलेटर पुरतो.

शीळफाट्याजवळ वडिलांच्या वेळेपासून आमचा तबेला आहे, त्यातलाच हिशोब सांगतो. प्रथिनांच्या वजनाला ६.२५ ने भागलं की त्यातला नायट्रोजन मिळतो (दुधाला ६.३८ धरतात). आमची आठ लिटर देणारी म्हैस दिवसाला ३ किलो सरकी पेंड, २ किलो तूरचुणी (तूरडाळ करताना उरलेला भरडा), १५ किलो ओला चारा आणि ६ किलो भाताचा पेंढा खाते. त्यात मिळून साधारण दीड किलो प्रथिनं, म्हणजे २३५ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन. पेंढ्याने पोट भरतं, पण नायट्रोजन येतो तो मुख्यतः पेंडीतून. आता दूध बघा. आठ लिटर दुधात ३२० ग्रॅम प्रथिनं धरली, तर नायट्रोजन ५० ग्रॅम. म्हणजे आत गेलेल्यातला जेमतेम पाचवा हिस्सा किटलीतून बाहेर पडला.

उरलेले १८५ ग्रॅम कुठे गेले? शाश्वत-अशाश्वतचा निकाल इथेच लागतो.

वीसही म्हशी दुभत्या धरल्या तर हे रोजचे पावणेचार किलो, वर्षाचे साडेतेराशे किलो होतात. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नायट्रोजन असतो. म्हणजे तुमच्या गोठ्याच्या मागच्या दाराने वर्षाला साठ-पासष्ट गोण्या युरिया बाहेर पडणार आहे. तो शेतात गेला तर सोनं, नाल्यात गेला तर जलपर्णी.

मीही बरीच वर्षं फक्त शेण मोजत होतो. ट्रॉली भरून शेणखत शेतकऱ्याला दिलं की आपलं काम झालं, अशी समजूत होती. मग एकदा आमच्या विहिरीचं पाणी तपासून घेतलं, तर नायट्रेट (जमिनीत मुरून पाण्यात उतरलेला हाच नायट्रोजन) लिटरला ४५ मिलीग्रॅमच्या मर्यादेपेक्षा वर निघालं. असं पाणी तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर त्याच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. आमच्या घरात तेव्हा सहा महिन्यांची पुतणी होती. त्या रात्री मी वही उघडून बसलो आणि लक्षात आलं की मूत मी कधी हिशोबात धरलंच नव्हतं. बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनचा जवळपास अर्धा भाग मुतात असतो, आणि आमच्याकडे तो दिवसातून दोनदा पाइपाच्या पाण्याने मोरीत जात होता.

पहाटे धारेला गोठ्याचं दार उघडलं की डोळे चुरचुरतात ना, तोही हाच नायट्रोजन. मुतातला युरिया आणि शेणातलं एन्झाइम एकत्र आले की काही तासांत अमोनिया होऊन उडतो. म्हणून दोन्ही वेगळं ठेवायचं. आम्ही फरशीला उतार दिला, मूत नालीने झाकणाच्या टाकीत घेतलं आणि त्यात पाणी मिसळून ते नेपियर गवताला सोडतो. डोळ्यांची चुरचुर पंधरा दिवसांत कमी झाली. विहिरीला मात्र वेळ लागतो, अजून लागतोय.

गोबरगॅसने हा प्रश्न सुटतो असं बरेच जण सांगतील. गॅसमध्ये मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड जातो. नायट्रोजन जवळपास सगळा स्लरीतच राहतो आणि ती स्लरी पसरायला जमीन लागतेच. गॅस जरूर करा, पण हिशोबात ती वजाबाकी धरू नका.

युरोपात १९९१ च्या नायट्रेट कायद्याने, नायट्रेटचा धोका असलेल्या भागांत, पशुखताचा नायट्रोजन साधारणपणे हेक्टरी वर्षाला १७० किलोवर बांधला आहे. तो माप म्हणून लावला तर तुमच्या वीस म्हशींना आठ हेक्टर, म्हणजे वीस एकर हवेत. स्वतःचे नसतील तर आसपासच्या भातशेतीवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, आणि गाडी खरंच शेतात रिकामी होते का ते स्वतः जाऊन बघा. पावतीवर 'विकलं' लिहिलेलं खत ओढ्याकाठी पडलेलं मी पाहिलंय.

आणि एक. पेंड दुसऱ्या कोणाच्या शेतातून आलेली असते, तिथली जमीन तेवढी रिकामी झालेली असते. फाटकाच्या आतला हिशोब कितीही चोख आला तरी हे त्यात दिसत नाही. त्यामुळे बांधावर चवळी, शेवरी लावून पेंड थोडी कमी करता आली, तर मी त्याला दुधाच्या लिटरइतकंच महत्त्व देईन.

तुमच्या प्रश्नात जमीन किती आहे ते आलेलं नाही. विहीर गोठ्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, तेही नाही. ही दोन उत्तरं कळवा, पुढचा हिशोब मी इथेच मांडून देतो.