मलप्रभेला वर धरण नाही, दाजी

प्रश्न असा आहे: ‘बेळगावहून मित्रांसोबत नदीवर किंवा तलावावर पोहायला, ट्यूब टाकून तरंगायला जायचंय. पाणी सुरक्षित आहे का ते आधी कसं ओळखायचं? एखादं अ‍ॅप आहे का?’

अ‍ॅपचं नंतर सांगतो. कुठल्या पाण्यात उतरणार, हे तुम्ही लिहिलंच नाही. खानापूरची मलप्रभा, सदलग्याची दूधगंगा आणि हिडकलचं धरण या तिघांना एकच नियम लावणारा एक माणूस आमच्या घरात आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

२०१२ चा ऑक्टोबर, पहिला रविवार. हस्त नक्षत्र चालू होतं. पितृपक्षात कुठं नदीवर जाताय म्हणून आई कुरकुरली, पण ताई सासरहून आली होती, पोरांना पाणी बघायचं होतं. मी, दाजी आणि दोन भाचरं असोग्याला गेलो. रामलिंगाचं दर्शन घेतलं आणि खाली पात्रात उतरलो. पाणी नितळ, तळाचे गोटे दिसत होते. मधल्या खडकापर्यंत जाताना पोटरीसुद्धा पुरती भिजली नाही. खडकावर चपात्या-झुणका सोडून बसलो. काठाला चार बायका नवरात्राच्या आधीच्या वाकळा धूत होत्या. डोक्यावर लख्ख ऊन. पश्चिमेला, जांबोटीच्या अंगाला मात्र आभाळ शाईसारखं झालं होतं आणि मधूनच गुरगुरत होतं.

पहिल्यांदा बदलला तो आवाज. गोट्यांवरून उथळ पाणी वाहताना खळखळतं. पाणी चढलं की गोटे खाली जातात, खळखळ थांबते आणि एक जाडसर घुमल्यासारखा आवाज उरतो. मला वाटलं, वारा पडला. मग पाण्यावरून वाळकी पानं, काटक्या, बांबूच्या सालपटांचा कचरा आला, पाठोपाठ फेसाचे गोळे. पाणी चहासारखं व्हायला लागलं. वर बघितलं तर बायकांनी अर्ध्यातच धुणं उचललेलं. त्यातली एक आजी ओरडली, “वर या रं, पाणी फिरलंय!”

दाजी म्हणाले, “कायबी होत न्हाई. ऊन पडलंय बघ की.”

एवढं एक वाक्य बोलण्यात आणि डबे भरण्यात आमची दहा मिनिटं गेली. मी धाकटीला खांद्यावर घेऊन निघालो तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होतं, काठाशी पोचलो तेव्हा मांडीला. मागून दाजी थोरल्याला घेऊन येत होते. पायाखालचा गोटा निसटला आणि दोघं आडवे झाले. थोरल्याला मी मनगटाला धरून ओढला. दाजी वीसेक फूट खाली जाऊन एका झुडपाला अडकले. त्या आजीनं धुवायला आणलेलं नऊवारी लुगडं फेकलं, चौघींनी मिळून ओढलं, तेव्हा ते बाहेर आले. कोपर सोलपटलं, मोबाईल गेला, चपला गेल्या. लुगडं मधोमध फाटलं. दुसऱ्या दिवशी दाजींनी खानापूरच्या बाजारातून नवं आणून दिलं, तेही घासाघीस न करता. त्या दिवशी त्यांनी धरणाचं नावही काढलं नव्हतं.

गोष्टीत धरण महिनाभरानं आलं. आता गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात गोष्ट अशी सांगितली जाते: “वरून धरणाचं पाणी सोडलं हो, भोंगासुद्धा वाजवला न्हाई!” लुगडं त्यात नसतं.

तर दाजी, आणि प्रश्न विचारणारे तुम्हीही, नकाशा काढा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि जांबोटी, हब्बनहट्टीकडून खानापुराकडं येते. या टप्प्यात तिच्यावर मोठं धरण नाहीच. नविलुतीर्थाचं धरण खाली, सौंदत्तीजवळ आहे. म्हणजे असोग्याला जे पाणी चढतं ते फक्त पावसाचं, आणि तो पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नाही, कणकुंबीला पडतो. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पावसाच्या गावांपैकी ते एक. हब्बनहट्टीचा मारुती दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो तो काही कुणी दरवाजा उघडला म्हणून नव्हे. जून ते सप्टेंबर लोक जरा तरी जपून असतात. हस्ताचा दुपारनंतरचा गडगडाटी पाऊस जास्त फसवा, कारण एका गावात धो धो आणि दहा किलोमीटरवर ऊन.

आता दाजींची बाजूही सांगतो, नाहीतर ताई बोलायची नाही. ते सदलग्याचे. दूधगंगेवर वर काळम्मावाडीचं धरण आहे, तिथं विसर्ग वाढला की सदलग्याला ऊन असतानाही पाणी वाढतं. कृष्णाकाठच्या चिकोडीकडच्या गावांना तर राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक येतंय हे पोरंसुद्धा सांगतात (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर). तिथं आभाळ सोडून विसर्गाचा आकडा बघायचा, दाजींचं तिथं बरोबरच आहे. ते डोकं घेऊन ते मलप्रभेत उतरले, एवढंच माझं म्हणणं आहे. शिवाय कृष्णेत मगरी आहेत, तिथं ट्यूब टाकू नका.

“मी पट्टीचा पोहणारा” हे आणखी एक. दाजी विहिरीत भोपळा बांधून शिकले, तळ गाठून माती आणायचे. विहिरीचं पाणी ढकलत नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गढूळ पाणी गुडघ्याला लागत असेल तर ओलांडायचं नाही, पोहता येत असो वा नसो. काठावर एक काठी पाण्याच्या रेषेवर रोवा आणि पाच-दहा मिनिटांनी बघा. काठी बुडत असेल तर डबे तिथंच सोडून उठा.

ट्यूबवाल्यांना एकच: कोल्हापुरी बंधाऱ्याच्या जवळपास नको. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं शांत दिसतं, आणि खाली जिथं धार पडते तिथं पाणी उलटं फिरून परत बंधाऱ्याकडंच ओढतं. ट्यूबसकट माणूस तिथंच गरागरा फिरत राहतो. उंची चारच फूट दिसते म्हणून लोक फसतात.

तलावांचं थोडक्यात. राकसकोप बेळगावच्या पिण्याचं पाणी आहे, तिथं पाय घालू नका. हिडकलचं पाणी उतरलं की काठाला कंबरभर गाळ राहतो, वरून वाळलेला दिसतो. तळही सपाट नाही. उन्हाळ्यात हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं, त्यावरून खाली काय काय असेल ते ओळखा. दुपारनंतर वारा सुटला तर ट्यूब मध्यावर जाते आणि परत येत नाही. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग असेल तर पोरांना आणि कुत्र्यालाही दूर ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस शहराच्या खालच्या अंगाला कुठंच उतरू नका, सगळी गटारं त्यातच येतात. अंगावर जखम असेल तर मुळीच नको, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) होतो.

अ‍ॅप. पाणी सुरक्षित आहे असं सांगणारं नाही. आभाळातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ठेवा, हवामान खात्याचा इशारा बघा. कर्नाटकात पावसाचे आकडे होबळीवार (होबळी म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) मिळतात, त्यात खानापूर नव्हे तर जांबोटीचा आकडा बघा. त्याहून चांगलं म्हणजे कणकुंबीच्या कुणाला तरी फोन करा.

डिसेंबर ते मार्च यातलं बरंचसं लागू नाही. तेव्हा असोग्याला खुशाल जा, आम्हीही जातो. दाजी काठावर बसतात आणि वर धरण कुठं आहे ते पोरांना हात करून दाखवतात.