छत्तीस साम्राज्यं राहू देत, एक ओढा सांग

पोरी,

टेबलावर सैनिक मांडून खेळायच्या तुझ्या लढाईच्या खेळासाठी तू जे अंतराळातलं जग रचलंस, त्याची फाईल मिळाली. त्रेचाळीस पानं. रात्री जेवून वाचायला बसलो ते साडेबाराला उठलो, तुझी काकू दोनदा येऊन लाईट बंद करून गेली. खरंखरं सांगू काय, नकाशा झकास आहे, जहाजांची नावं तर एक नंबर, खरं अकराव्या पानापर्यंत मला एक माणूस भेटला नाही. सगळी साम्राज्यंच. अमक्या साम्राज्यानं तमक्यावर तीन हजार वर्षं हल्ले केले. का केले? तर ते दुष्ट होते. अगं, तीन हजार वर्षं दुष्टपणा करायचा म्हटलं तरी रेशन लागतं की.

तू कणकुंबीच्या बाजूची. तुमच्याकडं डोंगरावर पडलेला पाऊस एका उतारानं मलप्रभेत जातो, ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच खानापूरच्या डोंगरातून म्हादई निघते ती गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला. आता हे पाणी इकडं वळवायचं का तिकडं सोडायचं यावर २०१० ला लवाद बसला, २०१८ ला निकाल आला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि भांडण अजून चालूच. यात दुष्ट कोण सांग बघू. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी पाहिजे, गोव्याला त्यांची नदी पाहिजे, जंगलाला काय पाहिजे ते कोण विचारतच नाही. आपापल्या घरात बसून बघितलं तर सगळेच बरोबर. तुझ्या छत्तीस साम्राज्यांना बाजूला ठेव आणि मला असा एक ओढा सांग. बर्फाचा एक चंद्र, दोन वस्त्या, आणि बर्फ एकीकडंच पुरेल एवढा. मग टेबलाच्या दोन्ही बाजूला बसणाऱ्याला लढायला जोर येतो, नाहीतर एक पोरगा कायम दुष्टांची फौज घेऊन तोंड पाडून बसतो.

दुसरं, तू लिहिलंस की "महातह सर्वांनी मान्य केला". सर्वांनी? आपल्याकडं १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या हद्दी बदलल्या, आज सत्तर वर्षं होत आली, त्याच तारखेला त्याच गावात एका रस्त्यावरून कन्नडचे लाल-पिवळे झेंडे जातात आणि दुसऱ्या गल्लीत काळ्या फिती लावून मराठी लोक निघतात. मी कुठल्या गल्लीतला ते तुला माहीत आहे, तो विषय आज नको. सांगायचं एवढंच की तारीख एक, सण एकाचा, सुतक दुसऱ्याचं. नावाचं पण तेच, बेळगाव म्हणणारा कोण आणि बेळगावी म्हणणारा कोण हे पहिल्या वाक्यात कळतं, २०१४ पासून सरकारी कागदावर दुसरं आहे आणि बाहेरचा माणूस येतो तो बेलगाम म्हणून तिसरंच काढतो. तुझ्या त्या मोठ्या ग्रहाला एकच नाव कसं काय? दोन दे, आणि कुठलं खरं ते तू सांगू नको. आणि शत्रूची भाषा इतकी वेगळी ठेवू नको गं. आपण रोज अण्णा, अक्का म्हणतो ते कुठून आलं? भांडणारी माणसं एकाच बाजारात भाजी घेतात, तुझ्या सैनिकांच्या शिव्या तरी निदान शत्रूकडून आलेल्या असू देत.

आता टेबलाकडं येऊ, कारण इथं तू सगळ्यात जास्त चुकलीस. लोर, म्हणजे खेळामागची जगाची कथा, ती नुसती गोष्ट न्हवे, नियम असे का आहेत त्याचं उत्तर त्यात पाहिजे. तुझ्या मिनिएचर, म्हणजे ते छोटे सैनिक, २८ मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण १:६० धर. सहा फुटी टेबल म्हणजे खऱ्यातलं जेमतेम ११० मीटर. साध्या रायफलीची ३०० मीटरची रेंज धरलीस तर टेबलावर ती पाच मीटर होते, गोळी दिवाणखान्यातून निघून शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात. आणि तू त्यांना भविष्यातल्या तोफा दिल्यास आणि वर तलवारी पण दिल्यास! मग जवळ येऊन का मारतात ते सांगावं लागेल. मंगळ घेतलास तर कारण आयतं आहे. तिथली हवा आपल्या एक टक्क्याहून विरळ, वादळ माणसाला पाडणार नाही, खरं धूळ अशी उठते की २०१८ ला सगळा ग्रह झाकला आणि ऊन न मिळाल्यानं नासाची तिथली गाडी, ऑपॉर्च्युनिटी रोव्हर, कायमचा गप्प झाला. सोलर बंद, लांबचं काही दिसत नाही, तिथं तलवार शोभते.

मंगळाचं आणखी एक आहे ते मला फार आवडतं. पृथ्वीवरून तिकडं कमी इंधनात जायची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते. आपल्याकडं पावसाळ्यात नद्या भरलेल्या, म्हणून फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीला निघायच्या. म्हणजे तुझ्या लोकांचा दसरा २६ महिन्यांनी! त्या दिवशी ते काय लुटतील सोनं म्हणून, आपट्याचं पान तर नाही तिथं. हे लिही. आणि फोबोसवर किल्ला बांध, तो पावणेआठ तासांत मंगळाला फेरी मारतो म्हणून पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो, तिथल्या म्हणी कशा उलट्या असतील बघ.

त्रेचाळीस पानं फेकू नको, घाबरू नको. मी उद्यमबागेत फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे साच्याचे नमुने, करण्यात जन्म घालवला, आम्ही साच्याला रायझर देतो, म्हणजे जास्तीचा धातू, कास्टिंग, म्हणजे ओतलेला माल, थंड होताना आकसतं तेव्हा त्याला तो पुरवठा करतो. नाही दिला तर आत पोकळी. खरं माल बाहेर पडला की रायझर तोडायचा, गिऱ्हाईकाला तो कोण देत नाही. तुझी चाळीस पानं रायझर आहेत, तीन दे.

आणि कथेत भोकं ठेव गं, म्हणजे न सांगितलेल्या जागा. वॉरहॅमर ४०के हा असाच टेबलावरचा खेळ १९८७ पासून चाललाय, त्यातल्या स्पेस मरीन सैनिकांचे चॅप्टर, म्हणजे तुकड्या, साधारण हजार, सगळ्यांची नावं दिलीच नाहीत, पोरं आपापला चॅप्टर करून आपला रंग लावतात. त्यांच्या सुरुवातीच्या वीस लीजनपैकी, म्हणजे मोठ्या फौजांपैकी, दोनांची नोंद तर पुसूनच टाकली आहे, लोक अजून त्यावर भांडतात. माझंच सांगतो, चाळीस वर्षांपूर्वी आम्ही चौघं शिशाचे सैनिक ओतून खेळायचो, मी साठ पानी वही लिहिली होती, कोणी उघडली नाही. एकदा एक सैनिक नीट भरला नाही, डावा हात आलाच नाही. वितळवणार होतो तर एकजण म्हणाला राहू दे, हा थोटा सुभेदार, ह्याचा हात पुलावर राहिला. कुठला पूल? कोणालाच माहीत नाही. पुढची दोन वर्षं आमची प्रत्येक लढाई त्या पुलासाठी झाली, माझ्या वहीत पूल नव्हताच.

दिवाळीला ये. गल्लीतली पोरं किल्ला करणारच आहेत, माती-गोणपाट जास्तीचं मागून ठेवलंय, अळीव उगवायच्या आधी आपण त्यावर एक डाव खेळू. तुझ्या दोन वस्त्या आण, प्रत्येकी वीस मिनिएचर बस्स. सुभेदार गोडेतेलाच्या जुन्या डब्यात आहे, तो कुठल्या बाजूनं उतरवायचा ते तू ठरव.

तुझा,
काका