डोक्यातली तार आणि न केलेली सही

प्रश्न : डॉक्टर ताई, माझा भाचा 22 वर्षांचा, हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला होता. मे महिन्यात त्याला कावीळ झाली. घरच्यांनी आठ दिवस माळ घातली, पथ्य पाळलं. नवव्या दिवशी तो आईला ओळखेना, कपाटातले कपडे काढून फेकू लागला. दवाखान्यात नेलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो, त्याचा आकडा) 6 च्या वर. डॉक्टर म्हणाले, लिव्हर बंद पडलंय, मेंदूला सूज येतेय. कवटीला छिद्र पाडून आत तार ठेवली तर दाब कळेल, पण रक्तस्राव होऊ शकतो, सही करा. भाऊजी गावाहून निघाले होते, सही मलाच करायची होती. मी केली नाही. मग ते लोक डोळ्यांवरून सोनोग्राफी करत राहिले. चौथ्या दिवशी पोरगा गेला. तेरवीला एकजण म्हणाले, ‘तार टाकली असती तर वाचला असता.’ बहीण काहीच बोलत नाही. खरं काय ते सांगा.
– एक मामा, हुडकेश्वर, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं. फाईल माझ्यासमोर नाही, त्यामुळे भाच्याबद्दल छातीठोक बोलणार नाही. तारेबद्दल बोलते. अतिदक्षता विभागात तीस वर्षं काढलीत, तेवढा अधिकार आहे.

ती तार फक्त मोजते. थर्मामीटर लावल्यानं ताप उतरत नाही, तसंच.

लिव्हर अचानक थांबलं की, एरवी ते जो निकामी करतं, तो अमोनिया हा विषारी पदार्थ रक्तात वाढतो. मेंदूतल्या पेशी तो आत घेऊन त्याचं ग्लुटामिन करतात आणि पाणी ओढून फुगतात. संत्र्याची खिळे ठोकलेली पेटी आठवा. आत जास्तीचा माल कोंबला तर फळ्या वाकत नाहीत, फळं चेंगरतात. कवटीचं तेच. आतला दाब एरवी पाऱ्याच्या 15 मिलिमीटरच्या आत असतो. 20-25 च्या वर टिकला की मेंदूला रक्त पोहोचेनासं होतं.

आता गोची अशी, की रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं. म्हणजे ज्याच्या डोक्यातला दाब मोजायची सगळ्यात गरज, त्याच्याच कवटीला छिद्र पाडणं सगळ्यात धोक्याचं. 1993 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 262 रुग्णांची माहिती आली होती. मेंदूच्या आवरणाबाहेर ठेवलेल्या तारेनं गुंतागुंत झाली 3.8 टक्के रुग्णांत. आवरणाखाली किंवा थेट मेंदूत घातलेल्या तारेनं 20 ते 22 टक्के. पुढे तंत्र सुधारलं, रक्तस्राव कमी झाले. पण अमेरिकेतल्या अनेक केंद्रांच्या नोंदी 2014 मध्ये एकत्र मांडल्या, तेव्हा तार घातलेले रुग्ण जास्त वाचले असं काही दिसलं नाही. नोंदींवरून सगळंच सिद्ध होत नाही, हे खरं; तरी तेरवीला बोलणाऱ्यापेक्षा त्या बऱ्या.

‘प्लाझ्मा (रक्त गोठवणारे घटक असलेला रक्ताचा पातळ भाग) देऊन रक्त ठीक करायचं आणि मग तार घालायची,’ असंही कुणी म्हणेल. थोडंफार करतात. पण ढिगानं प्लाझ्मा दिला की अंगात पाणी वाढतं. शिवाय आयएनआर ही लिव्हरची मार्कशीट आहे. ती बाहेरून खोडली, तर प्रत्यारोपण लागणार की नाही हे ठरवायचं कशावर?

माझ्या उमेदवारीत (दवाखान्याचं नाव नको) अशाच एका मुलीला तार घातली. पहाटे तिच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली. स्कॅनमध्ये तारेच्या वाटेवरच रक्त. त्या सहीच्या कागदावर तिच्या वडिलांचा अंगठा होता. भाऊ, सही करूनही माणसं तुमच्यासारखीच पत्रं लिहितात.

डोळ्यावरची सोनोग्राफी ही टाळाटाळ नव्हे. डोळ्यामागच्या नसेचं आवरण मेंदूच्या आवरणाशी जोडलेलं असतं. आत दाब वाढला की तेही फुगतं. मिटल्या पापणीवर जेल लावून, डोळ्याच्या गोळ्यामागे 3 मिलिमीटरवर त्याची रुंदी मोजतात. 5 मिलिमीटरच्या पुढे जाऊ लागली की आम्ही सावध होतो. दाबाचा नेमका आकडा ती देत नाही. पण सकाळपेक्षा संध्याकाळी वाढली का, हे कळतं. जोडीला कानशिलावरून डॉप्लर (मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी), तासातासाला बाहुल्या आणि बर्फात ठेवून पाठवलेल्या नमुन्यावर अमोनिया. सीटी स्कॅन साधा आला म्हणून दाब नाही, असं मात्र समजू नये.

खरी लढाई उपचारांची असते, आणि ते तारेवाचूनही सुरू होतात : डोकं 30 अंश वर, व्हेंटिलेटर, सोडियम 145-150 वर धरणं, मेंदूतलं पाणी ओढून काढायला मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन, अमोनिया काढायला संथ चालणारं डायलिसिस. तुमच्या पत्रात हे काही नाही, पण फाईलमध्ये असेल. बघायचंच असेल तर ते बघा. प्रत्यारोपण केंद्राशी कधी बोलले, तेही बघा.

माळेच्या आठ दिवसांबद्दल बहिणीशी आत्ता बोलू नका. साधी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून तर माळ घालणाऱ्याचा धंदा चालतो. कुणाची बिघडणार, हे घरात बसून कुणाला कळत नाही.

प्रश्न : मिस्टरांना कावीळ आहे. दिवसभर झोपतात, रात्रभर जागे; चिडचिड करतात. झोपेची गोळी द्यावी का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : अजिबात नाही. झोपेचं हे उलटणं मेंदूवर परिणाम होत असल्याची पहिली खूण असू शकते, आणि गोळीनं तीच झाकली जाते. तुमच्या पत्रावर फोन नंबर होता, म्हणून अंक निघायची वाट न बघता त्याच दुपारी फोन लावला. मिस्टरांना हात पुढे करून पंजे वर धरायला सांगा म्हटलं. पंजे फडफडत होते, म्हणजे मेंदूवर परिणाम सुरू झाला होता. संध्याकाळपर्यंत ते भरती झाले.