संधिवात सांध्यांचा, मग हातापायाला मुंग्या का?

रूमॅटॉइड संधिवात म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटून सूज आणते तो संधिवात. तो असलेल्यांची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. मुंग्या आल्या, हात जड झाला, तोल गेला, काहीही झालं तरी घरात निदान तयार असतं: "मणक्यात गॅप आहे" किंवा "थंडीनं नस आखडली." निफाडचा पारा उतरला की अशी पत्रं वाढतात. थंडीत सांधे आखडतात हे खरं, पण नस दबते ती बहुधा दुसऱ्याच कारणानं.

प्रश्न : द्राक्षबागेत कामाला जाते. संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. ताकदीची इंजेक्शनं घेऊ का? (पिंपळगाव बसवंत)

आधी तपासणी करा, इंजेक्शनांचं नंतर बघू. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून एक नस जाते. तिथलं अस्तर सुजलं की ती दबते. याला कार्पल टनेल म्हणतात. दिवसभर छाटणीची कात्री चालवली की त्रास वाढतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि मूळ संधिवात आटोक्यात आणणं, यानं पुष्कळांना आराम पडतो. सोबत साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग बसू लागला असेल, तर मात्र हंगाम संपायची वाट पाहू नका. नसेची तपासणी करून डॉक्टर शस्त्रक्रियेचं ठरवतील.

प्रश्न : संधिवातामुळे अर्धांगवायू होतो का? (सातपूर)

थेट नाही, पण हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासा आणि तंबाखू सोडा.

प्रश्न : आईला अठरा वर्षांपासून संधिवात आहे. हल्ली मान दुखते, कळ डोक्याच्या मागे जाते. ब्लाउजची बटणं लावता येत नाहीत, चालताना झोक जातो. ओळखीचे एक गृहस्थ मान 'मोकळी' करून देतात. न्यावं का? पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशनही आहे. (सिडको)

नेऊ नका. कुणालाही आईच्या मानेला झटका देऊ देऊ नका. मालिशवाल्याला नाही, दाढीनंतर कडाकड मान मोडणाऱ्या सलूनवाल्याला तर मुळीच नाही.

मानेच्या दुसऱ्या मणक्यावर बोटासारखं एक टोक असतं. पहिला मणका त्याच्याभोवती फिरतो आणि एक मजबूत बंध त्या टोकाला जागेवर धरून ठेवतो. जुन्या, नीट आटोक्यात न आलेल्या संधिवातात तिथलीही सूज हा बंध सैल करते. मग मान वाकवली की पहिला मणका पुढे सरकतो आणि मज्जारज्जू दबू शकतो. मान खाली घातल्यावर पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाणं, हातातून वस्तू पडणं, पाय अडखळणं, लघवीवरचा ताबा सुटणं ही त्याची लक्षणं. यातली दोन तर तुम्ही स्वतःच लिहिली आहेत.

साध्या सरळ एक्स-रेत हे निसटू शकतं. मान पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत टोक आणि पहिला मणका यांच्यातलं अंतर मोठ्या माणसात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसलं, तर ते नॉर्मल नव्हे. पण तुमच्या आईला आधीच लक्षणं आहेत, म्हणून वाकवायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. एमआरआय बहुधा लागेलच. दुकानातून मऊ कॉलर आणून स्वस्थ बसू नका, तो मणक्याचं सरकणं थांबवत नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन तूर्त थांबवा. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायला मान हलवावी लागते, त्यामुळे भूलतज्ज्ञाला मानेचं आधी कळलंच पाहिजे. "गुडघ्याचं ऑपरेशन, मानेचं काय सांगायचं" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला मनस्वी राग येतो. संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाला हे होत नाही. नव्या औषधांमुळे प्रमाण बरंच घटलंय. पण आईला याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्ट किंवा मणक्याच्या सर्जनकडे न्या. लघवी अडली किंवा हातापायातली ताकद गेली, तर तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : वडिलांचं एक पाऊल अचानक लुळं पडलं, चप्पल निसटते. पायावर जखमही आहे. तेल चोळतोय, दहा दिवस झाले. (सिन्नर)

दहा दिवस! तेल बाजूला ठेवा आणि आजच निघा. संधिवातात क्वचित रक्तवाहिन्यांनाच सूज येते, नसेचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाऊल पडतं. वेळेत उपचार मिळाले तर नस वाचवता येते. दुसरं कारणही असू शकेल, पण ते घरी बसून कळणार नाही.

प्रश्न : एका ठिकाणची 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पुडी दोन दिवसांत गुण देते. मुंग्यांसाठीही चालेल का? (नाशिकरोड)

दोन दिवसांत जादू करणाऱ्या, लेबल नसलेल्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका मी आधी घेतो. त्यानं दुखणं झाकलं जातं, आतली झीज चालूच राहते. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मात्र बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : संधिवाताच्या गोळ्यांनीच मुंग्या येतात का? (गंगापूर रोड)

काही गोळ्यांनी येऊ शकतात, लेफ्लुनोमाइड त्यातलं एक. स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा. आणि मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून तो पाकिटावर लिहून ठेवा.