वाचक विचारतात : खडकवासला भरलं नसतानाच पाणी का सोडतात?

प्रश्न : पुण्याजवळचं खडकवासला धरण ८५ टक्केच भरलेलं असताना मुठा नदीत पाणी सोडतात. पूर्ण भरू का देत नाहीत? उन्हाळ्यात आम्ही टँकरसाठी रांगा लावतो.
– वाचक, सिंहगड रोड

उत्तर : टक्क्यांवर जाऊ नका, आकार बघा. वरच्या बाजूचं पानशेत धरण साडेदहा टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर, वरसगाव जवळपास तेरा. खडकवासला जेमतेम दोन. वरच्या धरणांचं पाणी, विजेच्या टर्बाइनमधून आलेलं असो की सांडव्यावरून, शेवटी इथेच येतं.

आता हिशेब करा. उरलेली १५ टक्के जागा म्हणजे सुमारे ०.३ टीएमसी. घाटमाथ्यावर मुसळधार लागून २०,००० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, सुरू झाला, तर ती चार तासांत भरते. मग जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं, तेही बहुधा मध्यरात्री, पुण्यातल्या भिडे पुलाजवळची वाहनं नदीपात्रात असताना. म्हणून कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची हे आधीच ठरलेलं असतं आणि विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात.

उन्हाळ्याचा साठा खरा पानशेत-वरसगावात असतो. ती धरणं भरली का, ते बघा. विसर्गाचा आकडा मात्र रोज वाचा : ११,५७४ क्युसेक दिवसभर चालू राहिला की एक टीएमसी गेला.